पौर्णिमेला आत की बाहेर

मला कोणी काही विचारलं की माझ्या तोंडून एकच उत्तर जातं, "तुम्ही ठरवाल ते." माहेरी हेच म्हणायचे, सासरी हेच, आणि मुलाकडे सिडनीला आले तेव्हाही हेच. सहा महिन्यांसाठी आले होते. मग कोरोना आला, विमानं बंद झाली आणि सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत मला कोणी ठरवायला सांगितलंच नाही, कारण ठरवण्यासारखं काही नव्हतंच. रोज टीव्हीवर कोणीतरी येऊन सगळ्यांचं ठरवत होतं.

मग विमानं सुरू झाली आणि माझं फेब्रुवारीचं तिकीट निघालं. इथल्या दोन राज्यांमधली हद्दही उघडली. मुलगा म्हणाला, आई जायच्या आधी सगळ्यांनी एकदा शेजारच्या राज्यात गोल्ड कोस्टला जाऊन येऊ. तिथे थीम पार्क आहे. मोठमोठे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, नाचगाण्याचे खेळ. नात पाच वर्षांची होती तेव्हापासून त्या पार्कचा जप करत होती. दोनदा ठरलं होतं आणि दोनदा हद्द बंद झाली होती. आता ती सातची झाली होती. तिथे म्हणे पट्टीला उभं करून उंची बघतात आणि मगच पाळण्यात बसू देतात. म्हणून ती रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी खूण दाखवायची.

"आजी, तू येणार ना? प्रॉमिस?"

"येणार गं बाई."

"पूर्ण डे?"

"पूर्ण दिवस."

गर्दी नको म्हणून पार्कवाले ठरलेल्या तारखेचीच तिकिटं देत होते. सुनेला सुट्टी मिळाली त्या दिवसांतली एक तारीख मुलाने पकडली आणि तिकिटं घेऊन टाकली. तीन रात्री राहायचं, दुसऱ्या दिवशी पार्क, बाकी समुद्र. सगळे खूश. मी संध्याकाळी स्वयंपाकघरात लटकवलेलं, घरून आलेलं कॅलेंडर सहज पाहिलं. पार्कच्या तारखेवर पांढरा गोल होता. पौर्णिमा.

हे सांगायला हवं. आम्ही बौद्ध लोक पंचशील रोज घेतो. पण पौर्णिमेला काही जण अष्टशील घेतात, उपोसथ धरतात. त्या दिवशी पांढरी साडी. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. नाच, गाणी, खेळ बघायचे नाहीत. उंच, भारी बिछान्यावर झोपायचं नाही, खाली अंथरायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली. वंदनेचं पुस्तक अक्षर अक्षर लावत पाठ केलं ते ठाण्याला आमच्या वस्तीतल्या विहारात, मालक गेल्यानंतर. तेव्हापासून पौर्णिमा चुकली नव्हती. आजारी असतानाही नाही. इथे आल्यावर तर सोपंच होतं. लॉकडाऊनमध्ये अख्खा देश अष्टशील पाळत होता. खेळ नाहीत, तमाशे नाहीत, कोणी कुठे जात नाही. फक्त दुपारनंतर खात होते, एवढंच.

आणि आता ही पौर्णिमा नेमकी पार्कच्या दिवशी. मी कोणाला काही बोलले नाही. तिकिटं घेऊन झाली होती. आता बोलणं म्हणजे सगळ्यांच्या आनंदात खडा टाकणं.

दोन दिवसांनी रविवारी जेवणानंतर मुलगा आणि सून लॅपटॉप घेऊन टेबलापाशी बसले. राहायचं कुठे हे ठरवायचं होतं. पार्कच्या आवारातच एक हॉटेल होतं. फाटकातून बाहेर पडायचंही काम नाही. आणि बाहेर, गाडीने थोडं दूर, फ्लॅट भाड्याने मिळत होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी.

सून एका लॅबमध्ये काम करते. त्या जानेवारीत सगळ्या सिडनीच्या नाकातल्या काड्या तिच्याच टेबलावर येत होत्या असं वाटायचं. ती घरी यायची तेव्हा मास्कचे वण गालावर असायचे. ती म्हणाली, "आतच राहू या. मला तीन दिवस ओटा बघायचा नाही. आणि आईंनासुद्धा बरं. दमल्या की उठून खोलीत जातील, बरं वाटलं की परत येतील."

मुलगा म्हणाला, "आत म्हणजे सगळा गाव एका लिफ्टमध्ये. सकाळचा नाश्ता सगळ्यांनी एका चमच्याने वाढून घ्यायचा. तूच रोज सांगतेस किती केसेस आहेत. आणि आईला बाहेरचं चालत नाही."

"आईंना चालतं. तुला चालत नाही."

"मला काय चालत नाही?"

"सकाळी पोहे नसले की तुझं तोंड बघ."

"आईला विचार. आई, तुला हॉटेलचं चालतं का?"

मी भांडी पुसत होते. म्हटलं, "मला काय, दोन घास."

"बघ!" दोघंही एकदमच म्हणाले.

दोघंही माझ्याच नावाने भांडत होते आणि दोघांनाही मला काय हवंय ते माहीत नव्हतं. खरं तर मलाही माहीत नव्हतं. सुनेने मला बोलावून फोटो दाखवले. हॉटेलची खोली जहाजासारखी सजवलेली. मुलांसाठी वर-खाली पलंग, आणि मोठ्यांचा पलंग एवढा उंच की मला चढायला पाट लागला असता. मग मुलाने फ्लॅटचे फोटो दाखवले. पलंग तिथेही तसाच उंच. या देशात सगळं उंचच. मी मनात म्हटलं, खाली अंथरायचं तर दोन्हीकडे अंथरता येईल. पण हॉटेलच्या खिडकीतून पाळणे दिसत होते. संध्याकाळी खाली बँड वाजतो, आतषबाजी होते, असं सून कौतुकाने सांगत होती. खोलीत बसूनही ते सगळं कानावर येणार, डोळ्यांवर येणार. फ्लॅटमध्ये मात्र शांत. तिथे पौर्णिमा नीट होईल. पण मग नात? फ्लॅटवर बसून राहिले तर पूर्ण दिवस तिच्याबरोबर कसा?

"आई, आत की बाहेर?" मुलगा म्हणाला.

"तुम्ही ठरवाल ते."

"नाही. आज तूच ठरव. आमचं दोघांचं जमत नाही. उद्या सांग, मी बुक करतो."

मला वाटलं, हा काय घोळ. आयुष्यात कोणी ठरवायला सांगितलं नाही आणि आता सांगितलं तर उत्तर उद्यापर्यंत पाहिजे.

सोमवारी सगळे आपापल्या कामाला लागल्यावर दुपारी मी ठाण्याला फोन लावला. विहारात आम्हाला वंदना शिकवणाऱ्या ताई आहेत, माझ्यापेक्षा मोठ्या. तिकडे सकाळ होती, त्यांनी नुकताच चहा ठेवला होता. जयभीम झाल्यावर मी सगळं सांगितलं. पार्क, पौर्णिमा, हॉटेल, फ्लॅट.

"ताई, खेळ बघायला गेलं नाही, पण खोलीत बसल्या बसल्या आवाज आला, तर शील मोडतं का?"

"अगं, कानाला झाकण असतं का? बघायला जाणं वेगळं आणि दिसणं वेगळं."

"मग मी त्यांच्याबरोबर आत गेले, पण पाळणे बघितले नाहीत, तर?"

"पाळण्यांच्या मध्ये उभी राहून पाळणे कशी बघणार नाहीस?"

"मी नातीला बघीन."

"नातीला बघ की! नात म्हणजे काय तमाशा आहे?" ताई हसल्या.

"पण ती पाळण्यात बसलेली असेल ना."

मग ताई म्हणाल्या, "हे बघ बाई, शील कोणी आपल्यावर लादलेलं नाही. आपणच मागून घेतो. पाळता येईल तेवढं घ्यावं, घेतलं की पाळावं. आता तुला किती घ्यायचंय ते तू बघ. मला कशाला पाठवतेस पाळण्यात?"

मी फोन ठेवला. आधी एक गुंता होता, आता दोन झाले. ताईंनी एक काहीतरी सांगितलं असतं, घे किंवा नको घेऊ, तर मी तसं केलं असतं. त्यांनीही माझ्यावरच टाकलं.

संध्याकाळी मुलाने पुन्हा विचारलं. सून कुकर लावत होती, नात जमिनीवर चित्र काढत होती. माझ्या तोंडून गेलं, "बाहेर."

मुलगा म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं." सून म्हणाली, "ठीक आहे आई." एवढंच. पण ते ठीक आहे मला कळलं. मी लेकाची बाजू घेतली आणि तिच्या गळ्यात तीन दिवसांचा ओटा बांधला, असं तिला वाटलं. मी म्हणणार होते की जेवण मी करीन, पण तेही उलटच दिसलं असतं. कुकरची शिट्टी झाली आणि बोलायचं राहिलं.

नातीने चित्रातून मान वर केली. "आजी, बाहेर म्हणजे तू पार्कमध्ये नाही येणार?"

"झोपायचं बाहेर. पार्क तर पार्कच आहे."

"पण तू येणार?"

मी लगेच हो म्हणाले नाही. लहान मुलांना तेवढं पुरतं. ती उठून माझ्याजवळ आली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिचं मराठी अर्धं, माझं इंग्रजी पाव. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी पौर्णिमा आहे. पौर्णिमेला आजी खेळ बघत नाही, गाणी ऐकत नाही."

"व्हाय? तू काय केलंस?"

"काही नाही केलं."

"मग तुला कोणी ग्राउंड केलं?"

तिच्या शाळेतल्या मुलांना आईबाप चूक केली की घरात बसवतात, टीव्ही बंद करतात, त्याला ते ग्राउंड म्हणतात. एवढं मला दोन वर्षांत कळलं होतं.

"कोणी नाही. मीच."

"यू ग्राउंडेड युअरसेल्फ?" तिचे डोळे मोठे झाले. "दॅट्स सो वियर्ड, आजी." आणि ती जाऊन चित्र काढायला लागली, पण पाठ माझ्याकडे करून. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीला ती एकटीच उभी राहिली आणि स्वतःचाच हात डोक्यावर ठेवून वळून पाहायला लागली. हात हलायचा आणि खूण चुकायची. तिने मला हाक मारली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीत सामान भरताना सुनेला डिकीत माझी सतरंजी सापडली. गुंडाळून, चादरीत बांधून मी ती अगदी खाली सरकवली होती.

"आई, ही कशाला? फ्लॅटमध्ये बेड आहेत की."

"असू दे. लागली तर."

ती सतरंजी हातात घेऊन उभी राहिली. मग आत जाऊन कॅलेंडर बघून आली. "पौर्णिमा आहे. पार्कच्या दिवशी." मी डिकीतली पिशवी सरळ केली. "म्हणून बाहेर म्हणालात?"

"हो."

"अहो आई!" तिने सतरंजी डिकीत टाकली आणि कमरेवर हात ठेवले. "आणि मी आठवडाभर मनात म्हणतेय, शेवटी लेकाचीच बाजू घेतली. रोज लॅबमध्ये तुमच्यावर रागावत होते मी! बोलायचं ना!"

"तिकिटं काढून झाली होती."

"आत राहिलो असतो तर उलट सोपं नसतं का? तासभर पिल्लूबरोबर आलात, मग चालत खोलीत गेलात, दार लावून बसलात. आता बाहेर म्हणजे एकदा आत गेलात की संध्याकाळपर्यंत आतच. नाहीतर दिवसभर फ्लॅटवर एकट्या. मधलं काही नाही."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शांत जागा शोधली आणि त्यात मधली वाटच बंद करून ठेवली. सुनेने तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला. आतल्या खोल्या सगळ्या भरल्या होत्या. हद्द उघडल्यामुळे सगळी सिडनी तिकडेच निघाली होती.

"तुम्हाला काय करायचंय?" सून म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "खरं सांगा. तुम्ही ठरवाल ते, असं म्हणू नका हं."

"मला कळत नाही गं," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं.

सकाळी निघून संध्याकाळी फ्लॅटवर पोहोचलो. दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, आंघोळ केली, पांढरी साडी नेसले. ओट्यावर किटलीच्या शेजारी बुद्धांचा लहान फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. पाच शीलं नेहमीसारखी म्हणून झाली. पुढे थांबले. ताईंचं वाक्य आठवलं, पाळता येईल तेवढं घ्यावं. नाचगाण्याचं तेवढं सोडून बाकीची घ्यावीत का? पण असं निवडून घेतलेलं मला कधी जमलं नाही. सवयीने जीभ पुढे गेली आणि आठही म्हणून झाली. म्हणून झाल्यावर त्यांचं पुढचं वाक्य आठवलं. घेतलं की पाळायचं.

मुलगा बॅगा उचलत होता. सुनेने त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, तू इथेच थांब. खरंच. बाल्कनीत बस. आम्ही मधून मधून व्हिडिओ कॉल करू." मग स्वतःच म्हणाला, "नाही, व्हिडिओ नको. नुसता फोन करू."

मी मान हलवली. ठरलं एकदाचं, असं वाटलं. पण बरं वाटलं नाही.

नात दारात बसून बूट घालत होती. टोपी, मास्क, पाठीवर लहान बॅग. वेल्क्रोचा पट्टा तिने लावला, काढला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, तू नको बघू. यू डोंट हॅव टू लुक. तू फक्त उभी राहा. मी तुला बघीन."

सून एकदम किटलीकडे वळली. मुलगा म्हणाला, "असं नाही रे पिल्लू, आजीला तिथे..." आणि त्याने हातातल्या बॅगा परत खाली ठेवल्या.

मी विचार केला. उभं राहू नये असं कुठे सांगितलेलं नाही. मला कोणी बघू नये असंही नाही. मी मेणबत्ती विझवली आणि चपला घातल्या.

फाटकावर मुलाने फोनवर सगळ्यांची लसीची सर्टिफिकेटं दाखवली. आत शिरल्यापासून मी मान खाली. दिसले ते पाय. चपला, बूट, बाळगाड्यांची चाकं, ओल्या फरशीवरचे ठसे. कुठून तरी गाणं चालू होतं, मी मनात वंदना म्हणत होते, आणि मध्येच माझी वंदना त्या गाण्याच्या चालीवर जात होती. सुनेने माझा दंड धरला होता. साडेअकराच्या आधीच ती ओरडली, "चला, चला, जेवून घेऊ, आजींची वेळ!" सगळे अवेळी जेवायला बसलो. दुकानातली मुलगी अजून तेल तापवत होती. घरून आणलेला दहीभात मी खाल्ला. मुलाने पोटभर चिप्स खाल्ले आणि म्हणाला, "मीही अष्टशील पाळतोय."

"आइस्क्रीमला दुपारी किती वाजता येतोस बघू," सून म्हणाली.

मग नातीचा तो मोठा पाळणा. पट्टीला उंची लावली. माझ्या हाताखाली रोज उभी राहायची तशी ती उभी राहिली, हनुवटी वर करून. पास झाली. मुलगा तिच्याबरोबर गेला. सून आणि मी कठड्यापाशी उभ्या राहिलो. मी फरशीकडे बघत होते. वर चाकांचा खडखडाट सुरू झाला, लोक किंचाळायला लागले. एवढ्या किंचाळण्यात एक आवाज माझ्या ओळखीचा होता.

"आजी! आजी! आय कॅन सी यू!"

मान कधी वर गेली ते मला कळलं नाही. आकाशात टांगलेली ती खुर्ची, तिची टोपी उडालेली, केस तोंडावर, आणि एक हात माझ्याकडे. मग खुर्ची पलीकडे गेली. मी पटकन खाली पाहिलं. सुनेकडे बघितलं. ती दुसरीकडेच बघत होती, मुद्दाम.

"मोडलं का गं?" मी विचारलं.

"मला काय विचारता आई. मी तर कधी घेतलंच नाही." मग हळूच म्हणाली, "नातीलाच पाहिलंत ना?"

मी आठवून पाहिलं. नातीला पाहिलं. पण खुर्चीही पाहिली, आणि ती एवढ्या उंच गेल्यावर मला जे वाटलं तेही खोटं कसं म्हणू? भीती होती का गंमत, ते मला आजही सांगता येत नाही.

नात धावत आली. "सगळ्यात व्हाइट तूच होतीस. वरून लगेच दिसलीस. तू बघितलंस? मी हात केला तेव्हा?"

नाही म्हणाले असते तर खोटं बोलणं झालं असतं, आणि तेही शीलच आहे. म्हटलं, "बघितलं."

ती रागावेल असं वाटलं होतं, तूच म्हणालीस बघणार नाहीस म्हणून. ती रागावली नाही. तिने माझ्या साडीत तोंड पुसलं आणि बापाला ओढत परत रांगेत नेलं. रांग लांब होती, लोक लांब लांब उभे. सून म्हणाली, तुम्ही सावलीत बसा. मी कठड्यापाशीच थांबले. मान खाली घातली, फरशीवरचे पाय बघितले, वंदना पहिल्यापासून धरली. दुसऱ्यांदा ती वर गेली तेव्हा मात्र मान खाली घालायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.